चालणाऱ्यांची वर्गणी

चालणे ही काय नवलाची गोष्ट आहे? आपण रोज चालतो. शेतावर जातो, पाण्याला जातो, आठवड्याच्या बाजाराला जातो. आषाढी आली की लाखो माणसे पंढरीची वाट चालतात. या चालण्याचे कोणी कोणाला पैसे देत नाही.

पण काही देशांत माणसे एक दिवस ठरवून एकत्र चालतात. त्या चालण्यातून पैसे जमतात. ते पैसे एका कठीण आजाराचा शोध घेण्यासाठी वापरतात. त्या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे त्याला एम. एस. म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, "चालून पैसे कसे जमतात? आणि जमले तरी दहा-वीस रुपयांनी रोगावर औषध थोडेच निघते?" प्रश्न बरोबर आहे. त्याचेच उत्तर आम्ही इथे देणार आहोत. पण आधी हा आजार समजून घेऊ.

एम. एस. म्हणजे काय?

शेतातल्या मोटारीची वायर तुम्ही पाहिली असेल. आत तांब्याची तार असते. तिच्यावर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते. हे वेष्टन उंदराने कुरतडले तर काय होते? वीज नीट पोचत नाही. मोटार कधी चालते, कधी बंद पडते. तार तुटली तर ती बंदच होते.

आपल्या शरीरातही अशा तारा आहेत. त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. मेंदू हुकूम देतो, "हात उचल." तो हुकूम पाठीच्या कण्यातून, ज्ञानतंतूंवरून हातापर्यंत जातो. पायात काटा बोचला तर ती बातमी याच वाटेने मेंदूकडे येते. या तंतूंवरही एक मऊ, पांढरे वेष्टन असते. त्याला मायलिन म्हणतात. वेष्टन चांगले असले की निरोप झटकन पोचतो.

एम. एस. मध्ये मेंदूतले आणि पाठीच्या कण्यातले हे वेष्टन जागोजागी खराब होते. जिथे खराब होते तिथे कडक वण राहतो. मल्टिपल म्हणजे अनेक. स्क्लेरोसिस म्हणजे कडक होणे. फ्रान्स देशातले डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराची नीट ओळख सांगितली.

वेष्टन कुरतडणारा उंदीर कोण? तर आपलेच रक्षक! शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. एरवी त्या आपली राखण करतात. या आजारात त्यांची चूक होते. पाखरे हाकायला ठेवलेला राखणदार घरच्याच गुरांना दगड मारू लागावा, तसे होते. हा राखणदार असा का बिघडतो, ते अजून पुरते कळलेले नाही.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. तो कुणाच्या शापाने किंवा करणीनेही होत नाही. जगात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे. थंड देशांत त्याचे प्रमाण जास्त आहे. आपल्या देशात कमी आहे, पण रुग्ण आहेत. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात कळतो. म्हणजे ऐन उमेदीत! पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटीहून जास्त होतो.

डोळ्यांना न दिसणारे दुखणे

ताप आला तर अंग गरम लागते. हाड मोडले तर सूज दिसते. एम. एस. चे तसे नाही. कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. कुणाचे पाय बधिर होतात. कुणाचा तोल जातो. कुणाला लघवीचा ताबा राहत नाही. आणि थकवा तर असा येतो, की सकाळी उठल्या उठल्याच अंगातली शक्ती गेलेली असते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. अनेकांचा आजार मध्येच उचल खातो, मग काही आठवड्यांनी उतार पडतो. माणूस बरा दिसू लागतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो पुन्हा उचल खातो.

आता विचार करा. घरातली एखादी तरणी सून काल धुणे धुवून आली. आज म्हणते, "माझ्याने उठवत नाही." घरच्यांना काय वाटेल? कुणी म्हणेल ती आळशी आहे. कुणी म्हणेल सोंग करते. कुणी म्हणेल बाहेरचे लागले आहे, अंगारा आणा. बिचारीला आजार तर असतोच, वर बोलणीही खावी लागतात. अंगारेधुपारे करण्यात वेळ जातो. तेवढ्यात आतले तंतू आणखी खराब होतात. म्हणून या आजाराची माहिती असणे हेही एक औषधच आहे.

एका बहिणीची खटपट

आता आपण अमेरिकेत जाऊ. या आजारासाठी लोकांनी एकत्र येण्याची मोठी खटपट तिथे एका बाईने सुरू केली.

तिचे नाव सिल्व्हिया लॉरी. ती न्यूयॉर्क शहरात राहत होती. तिच्या भावाला, बर्नार्डला, एम. एस. झाला. तिने एकामागून एक डॉक्टर गाठले. उपाय कुणाकडेच नव्हता. तेव्हा १९४५ साली तिने 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. या आजारातून कुणी बरे झाले असेल तर कृपा करून कळवा, असे त्यात विचारले होते.

पन्नासाहून अधिक पत्रे आली. सिल्व्हियाने ती आशेने उघडली. पण बरा झालेला माणूस सापडला नाही. पत्रे लिहिणारे तिच्यासारखेच होते. कुणी स्वतः आजारी, कुणाचे घरचे माणूस आजारी. उपाय सापडला तर आम्हालाही सांगा, असेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरी बाई असती तर निराश होऊन गप्प बसली असती. सिल्व्हियाने वेगळा विचार केला. आपण सगळे वेगवेगळे रडत बसलो आहोत, मग एकत्र येऊन शोध का लावू नये? १९४६ साली तिने वीस शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन एक संस्था काढली. तीच पुढे नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी झाली. १९६७ साली तिच्याच पुढाकाराने निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्थांचा एक जागतिक संघ झाला. आपल्या देशातही अशी संस्था आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली मुंबईत सुरू झाली.

चालून पैसे कसे जमतात?

संस्था निघाली, पण शोधाला पैसा लागतो. तो लोकांकडूनच मागायचा. कसा मागायचा?

पायी चालत जाऊन मागण्याची रीत आपल्याला नवी नाही. १९५१ साली विनोबाजी पायी निघाले. गावोगाव जाऊन त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. माणूस स्वतः कष्ट घेऊन दारी आला की त्याचे म्हणणे लोक ऐकून घेतात.

अमेरिकेतल्या या सोसायटीने १९८८ साली अशीच एक चाल सुरू केली. तिला 'वॉक एम. एस.' म्हणतात. वॉक म्हणजे चालणे. आता ती दर वर्षी तिथल्या अनेक शहरांत होते.

तिची रीत सोपी आहे. ज्याला चालायचे असेल तो आधी नाव नोंदवतो. मग तो आपल्या ओळखीच्या लोकांना सांगतो, "अमुक दिवशी मी एम. एस. साठी चालणार आहे. माझ्या नावाने काही वर्गणी द्या." शेजारी देतात, मित्र देतात, कामावरचे सोबती देतात. पुष्कळदा घरची आणि मित्रमंडळी मिळून एक टोळी करतात. आपल्या आजारी माणसाच्या नावाने ती टोळी चालते.

ठरलेल्या दिवशी सकाळी सगळे बागेत नाही तर मैदानात जमतात. पुष्कळांच्या अंगात नारिंगी सदरा असतो. तो या सोसायटीचा रंग आहे. वाट फार लांब नसते. बहुतेक ठिकाणी मैल ते तीन मैल, म्हणजे साधारण दीड ते पाच किलोमीटर. वाटेत पाणी असते, बसायला जागा असते. कोणी शर्यत लावत नाही. पहिला आला म्हणून बक्षीस नाही, शेवटी आला म्हणून हसणे नाही.

वाट एवढी लहान का? कारण आजारी माणसेही त्यात येतात. कुणी काठी टेकत येतो. कुणी चाकाच्या खुर्चीत बसून येतो, मागून त्याचा मुलगा खुर्ची ढकलतो. वर्षभर ज्याला वाटत असते, "हे दुखणे माझे एकट्याचेच," त्याला त्या दिवशी आपल्यासारखे शंभर जण भेटतात. डॉक्टर कुठला चांगला, पायऱ्या कशा चढायच्या, थकवा आला तर काय करायचे, अशा कामाच्या गोष्टी तिथे बोलता बोलता कळतात. पैसा मोजता येतो, हा धीर मोजता येत नाही. तोही या चालण्याचाच लाभ आहे.

२०२० साली करोनाची साथ आली. गर्दी करता येईना. तेव्हा लोक आपापल्या घराजवळ चालले आणि वर्गणी गोळा केली.

एकेकाची वर्गणी लहान. पण १९८८ पासून या चालण्यातून १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली, असे सोसायटी सांगते. सगळा पैसा शोधासाठीच जातो असे नाही. काही भाग रुग्णांच्या मदतीला लागतो, काही व्यवस्थेच्या खर्चाला लागतो.

त्या पैशाचे पुढे काय होते?

शास्त्रज्ञ आपल्या कामाची योजना लिहून संस्थेकडे पाठवतात. मला अमुक गोष्ट तपासायची आहे, तिला इतकी वर्षे लागतील, इतका खर्च येईल. दुसरे जाणकार ती योजना वाचतात. ज्यात दम असेल तिला पैसा मिळतो. सगळेच प्रयोग यशस्वी होत नाहीत. विहीर खणताना एका जागी पाणी लागत नाही, म्हणून आपण खणणे सोडतो का? तिथे पाणी नाही हे कळणेही उपयोगाचे असते.

सोसायटीने १९४७ साली पहिली मदत शास्त्रज्ञ एल्विन कॅबट यांना दिली. पाठीच्या कण्यात आणि मेंदूभोवती एक पाण्यासारखा द्रव असतो. एम. एस. च्या रुग्णांच्या या द्रवात काही विशिष्ट प्रथिने वाढलेली असतात, असे कॅबट यांच्या कामातून दिसले. आज डॉक्टर हा आजार ओळखताना गरज पडल्यास पाठीतून थोडे पाणी काढून तपासतात. त्या तपासणीच्या मुळाशी हे जुने काम आहे.

औषधाला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. आजाराची वारंवार होणारी उचल कमी करणारे पहिले औषध अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले. ते टोचून घ्यावे लागे. २०१० साली पोटात घेण्याचे पहिले औषध मंजूर झाले. काही लोकांचा आजार पहिल्यापासून हळूहळू वाढतच जातो, त्याला उतार पडत नाही. त्यांच्यासाठी पहिले औषध २०१७ साली मंजूर झाले. आज डॉक्टरांच्या हाताशी अनेक औषधे आहेत. ती वेळेवर सुरू झाली तर आजाराची उचल कमी होते, नुकसान कमी होते. हा सगळा शोध चालण्याच्याच पैशातून लागला, असे मात्र समजू नका. सरकारे, विद्यापीठे आणि औषध कंपन्या यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

आजार का होतो, याचाही एक मोठा धागा २०२२ साली हाती आला. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एक कोटीहून अधिक सैनिकांची वीस वर्षांची माहिती पाहिली. त्यांचे साठवलेले रक्त तपासले. एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू आहे. तो ज्यांच्या शरीरात नव्याने शिरला, त्यांना एम. एस. होण्याचा धोका ३२ पट झाला, असे त्यांना आढळले. या कामाच्या खर्चात सरकारबरोबर सिल्व्हियाच्या सोसायटीचाही हात होता. म्हणजे कुणीतरी रविवारी सकाळी चालून जमवलेल्या वर्गणीचा एक दाणा त्यातही पडला.

पण घाबरू नका. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या माणसांच्या शरीरात असतो. त्यातल्या फारच थोड्यांना एम. एस. होतो. म्हणजे एकट्या विषाणूने हे होत नाही, आणखीही कारणे असली पाहिजेत. विडी-सिगारेट ओढल्याने धोका वाढतो, हे कळले आहे. उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व कमी पडणे, हेही एक कारण मानतात.

आजार मुळातून बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. गेलेले वेष्टन पुन्हा पुरते भरून काढता येत नाही. आज आहेत ती औषधेही महाग आहेत. गरिबाला ती परवडत नाहीत. म्हणून शोधही चालू राहिला पाहिजे आणि चालणेही.

मग सिल्व्हियाच्या भावाचे काय झाले? तो बरा झाला नाही. पहिले औषध निघण्याच्या आधीच तो वारला. सिल्व्हियाने मात्र काम सोडले नाही. २००१ साली ती वारली, तोपर्यंत औषधे बाजारात आली होती. भावासाठी सुरू केलेले काम भावाच्या उपयोगी पडले नाही, ते लाखो अनोळखी माणसांच्या उपयोगी पडले. आपल्याकडे म्हातारा माणूस आंब्याची कोय लावतो, तेव्हा फळ आपण खाऊ असे त्याच्या मनात नसते. शोधासाठी दिलेल्या वर्गणीचेही तसेच असते.

आपल्या गावात काय करता येईल?

पहिली गोष्ट ओळखण्याची. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले, हातपाय बधिर झाले, चालताना तोल जाऊ लागला आणि हे दिवसभरात थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जा. मुंग्या आल्या म्हणजे एम. एस. च झाला असे नाही. मधुमेहाने किंवा जीवनसत्त्व कमी पडल्यानेही मुंग्या येतात. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या इस्पितळात चिठ्ठी मागा. तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे जाता येते. एम. आर. आय. नावाच्या यंत्राने मेंदूचे चित्र काढतात, त्यात हे वण दिसतात.

दुसरी गोष्ट हक्काची. आपल्या देशात २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. एम. एस. चे नाव त्यात आहे. तेव्हा अशा रुग्णाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. दाखला तपासणीनंतर मिळतो.

तिसरी गोष्ट चालण्याची. ३० मे हा दिवस जगभर एम. एस. दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी किंवा सोयीच्या कुठल्याही दिवशी गावातही लहानशी चाल काढता येईल. मे महिन्यात ऊन कडक असते, म्हणून सकाळी लवकर निघावे. उन्हाने आणि उकाड्याने या रुग्णांचा त्रास वाढतो, तेव्हा त्यांच्यासाठी सावली हवी, पाणी हवे, बसायला गाडी हवी. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवावे.

हिशेब करून पाहू. शंभर माणसे चालायला निघाली. प्रत्येकाने पाच घरी वर्गणी मागितली. म्हणजे पाचशे घरे झाली. एका घराने दहा रुपये दिले, तर पाच हजार रुपये होतात. दोनशे माणसे निघाली तर दहा हजार होतात. एका माणसाला दहा हजार रुपये देणे जड जाते. दहा रुपये बहुतेकांना देता येतात. ज्याला तेही जड आहेत, त्याने नुसते बरोबर चालावे. त्याच्यावर कोणी जबरदस्ती करू नये.

पण एक सांगून ठेवतो. पैसा आला की हिशेब आला. वर्गणी घेणाऱ्याने पावती दिलीच पाहिजे. देणाऱ्याने पावती मागून घ्यावी आणि वाचावी. आता आपल्याला वाचता येते. आकडा बरोबर आहे का? तारीख आहे का? पैसे कुठल्या संस्थेला जाणार ते लिहिले आहे का? संस्था नोंदलेली आहे का? चाल झाली की जमा किती, खर्च किती, संस्थेला पाठवले किती, हे चावडीच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असे लिहावे. पैसे बँकेतून पाठवावे आणि संस्थेची पावतीही तिथेच लावावी. ज्या गावात एकदा असा चोख हिशेब मांडला जातो, तिथे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जड जात नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. दहा रुपयांनी औषध निघते का? एकट्या दहा रुपयांनी निघत नाही. पण सिल्व्हियाने पहिली जाहिरात दिली तेव्हा या आजारावर काहीच नव्हते, आणि आज अनेक औषधे आहेत. मधल्या वर्षांत लाखो लोकांनी आपापले थोडे थोडे दिले. ज्यांना पाय उचलवत नाहीत त्यांच्यासाठी ज्यांना चालता येते ते चालले. तुमच्या गावात असा एखादा रुग्ण असेल, तर चाल काढण्याआधी त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय हवे ते विचारा.